बर्मिंगहॅमचे जास्तीचे दिवस

रविवारची प्रार्थना आटोपली, पण सिस्टर आयसिल्डांनी कोणालाही बाहेर पडू दिलं नाही. दारातच खुर्ची टाकून बसल्या. कॉटन रिज या आमच्या गावच्या चर्चची ब्रिटनची सहल ठरली होती ती त्यांच्यामुळे. किंग्स्टनच्या सहलवाल्यांशी भांडून त्यांनी लंडन, किल्ले, जुनी चर्चं, तळी आणि वर स्कॉटलंडपर्यंतचा सगळा कार्यक्रम पक्का केला होता. बरोबर गाईड, बस, नाश्ता. आता इतक्या लांब जायचंच, तर सहलीच्या आधी किंवा नंतर कोणाला चार दिवस जास्तीचे हवे असतील त्यांनी आत्ताच तोंड उघडावं, असं त्यांचं म्हणणं होतं. व्हिसाच्या अर्जात कुठे उतरणार, कोणाकडे उतरणार, सगळं सांगावं लागतं.

"नंतर विमानतळावर कोणी म्हणालं ना, सिस्टर, माझी मावशी लिव्हरपूलला असते, तर त्याला मी तिथंच सोडून येईन," त्या म्हणाल्या.

मंडळींना एवढंच पुरे होतं. कोणाला क्रिकेटचं मैदान बघायचं होतं, कोणाला दुकानं. मिस ड्यूसीला म्हणे बर्फ बघायचा होता, आणि सहल होती जूनमध्ये. हे सगळं ऐकून घेत मागच्या बाकावर बसलेला लासेल्स बेंट शेवटी उभा राहिला. हातातली टोपी त्याने एकदा उलटी केली, एकदा सुलटी केली.

"मला बर्मिंगहॅम हवंय," तो म्हणाला. "सहल संपल्यावर. तीन-चार दिवस."

"बर्मिंगहॅम?" मिस ड्यूसी हसली. "मास लास, लोक तिकडे राजवाडे बघायला जातात रे. तू कारखाने बघायला निघालास?"

"माझी आई आहे तिथं."

त्याची आई, मिस लिनेट, जाऊन बरीच वर्षं झाली होती, हे सगळ्या रिजला माहीत होतं.

लासेल्स गवंडी. आमच्या सेंट एलिझाबेथ परगण्याच्या लाल मातीत त्याने घरं बांधली, टाक्या बांधल्या, पण माणसं त्याला ओळखतात ती थडग्यांसाठी. आमच्याकडे माणूस आपल्याच आवारात, आपल्याच माणसांशेजारी पुरतात. वरची माती वर्षभर बसू देतात आणि मग थडगं बांधतात. त्या दिवशी बकरा कापतात, रस्सा शिजतो, पांढरी रम फिरते. लासेल्स खाली पाया घालतो, ब्लॉक चढवतो, गिलावा करतो. वरचा थर ओला असतानाच मेलेल्याचं थोरलं मूल पुढे येतं आणि खिळ्याने त्यावर नाव कोरतं. तोवर तो माणूस स्वस्थ पडत नाही, असं मानतात. फिरत राहतो. बऱ्याच म्हाताऱ्या लासेल्सला जिवंतपणीच सांगून ठेवतात, माझं काम तूच कर, दुसऱ्या कोणाचा हात लागू देऊ नकोस.

आणि याच माणसाची आई परक्या देशात मातीखाली उघडी पडली होती. याबद्दल कोणी तोंडावर बोलत नसे. एकदा फक्त एका भांडणात एक गिऱ्हाईक बोलून गेलं होतं, सगळ्या गावाला पांघरूण घालत फिरतोस, तुझ्या आईला कोण घालणार. लासेल्सने थापी खाली ठेवली, हात धुतले आणि काम अर्धवट टाकून तो घरी आला. ते काम त्याने पुढे पुरं केलं, पण त्या घरी पाणीसुद्धा प्यायला नाही.

मिस लिनेट इंग्लंडला गेली तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. आजीच्या कडेवरून त्याने तिला हात हलवला. घर लागलं की तुला बोलावून घेईन, असं ती म्हणाली होती. बोलावणं आलं नाही, पिंपं येत राहिली. दरवर्षी नाताळाच्या आधी बंदरावर एक पिंप यायचं. त्यात दुधाची पावडर, साबण, कपडे, आणि लासेल्ससाठी बूट. बूट कायम लहान पडायचे. पोराचा पाय वाढतो हे तिला कळत नव्हतं असं नाही, पण तिच्या डोळ्यासमोर तो होता तेवढाच राहिला होता. आजी ते बूट शेजारच्या पोराला द्यायची आणि पत्रात लिहायची, छान बसले.

तिकडे तिने पॉवेल नावाच्या माणसाशी लग्न केलं. बेव्हर्ली नावाची मुलगी झाली. लासेल्सचा हट्टही कमी नव्हता. त्या काळी आमच्या माणसांना इंग्लंडला जायला व्हिसा लागत नसे. हाती पैसा आला तेव्हा तो जाऊ शकला असता. पण बोलावलं नाही तर जायचं कशाला, असं त्याचं. व्हिसा लागू झाला आणि थोड्याच दिवसांत ती वारली. मातीला जायचं म्हणून याने अर्ज केला, तो नामंजूर झाला. त्या रात्री तो जेवला नाही, आणि बायकोने, व्हेरोनाने, त्याला जेव म्हटलंही नाही.

आता चर्चबरोबर जाताना व्हिसा मिळेल अशी आशा होती. त्याला राजवाड्यांशी काही देणंघेणं नव्हतं. ती सगळी सहल त्याच्या लेखी त्या चार दिवसांचं भाडं होती. त्या दिवसांचा कार्यक्रम त्याने कामाचा ठरवतात तसा ठरवला. पहिल्या दिवशी खोदून पाया, मग ब्लॉक, मग गिलावा, शेवटी चुना. सिमेंट-वाळू काय, तिकडेही मिळतच असेल. थापी, ओळंबा आणि रंधा मात्र त्याने बॅगेत भरले.

"बॅगेत हत्यारं आणि अंगावर एक कोट," व्हेरोना म्हणाली. "विमानतळावरच आत टाकतील तुला. वाटेल, बँक फोडायला चाललाय."

"विचारलं तर सांगेन."

"काय सांगशील?"

"आईचं थडगं बांधायला चाललोय म्हणून."

सिस्टर आयसिल्डा अर्ज भरून घ्यायला आल्या, तेव्हा तळलेली मासळी आणि बामी, म्हणजे कसावाच्या कंदाची भाकरी, समोर ठेवून त्यांनाही त्याने हेच सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"तिथं कोणाला विचारलंस का?"

"आपल्या आईचं थडगं बांधायला कोणाला विचारायचं असतं, सिस्टर?"

इथे त्याची चूक झाली, आणि ती आमच्यातल्या कोणाचीही झाली असती. ज्याने जन्मभर माणसं घराच्या मागे, निरफणसाच्या सावलीत पुरलेली पाहिली, त्याला आपल्या माणसाच्या मातीवर दुसऱ्याचा कायदा चालतो हे कुठून सुचणार. सिस्टर बाई शहाणी. त्या वाद घालत बसल्या नाहीत. "बहिणीला फोन लाव," एवढंच म्हणाल्या. "तिचा पत्ता नाहीतरी अर्जाला लागेलच."

बेव्हर्लीचा आणि त्याचा फोन नाताळला व्हायचा. कसा आहेस, बरी आहे, देव भलं करो, एवढ्यात संपायचा. मनातून त्याचा तिच्यावर राग होता. आई तिच्या वाट्याला आली, आणि मेल्यावर हिने एक दगडसुद्धा ठेवला नाही. हे त्याला तिकडून सुट्टीवर आलेल्या एका ओळखीच्याने सांगितलं होतं.

फोनवर त्याने येतो म्हटल्यावर ती ये म्हणाली. लगेच म्हणाली. मग त्याने पाया, ब्लॉक, गिलावा सगळं सांगितलं.

"लासेल्स, इथं बांधू देत नाहीत," ती म्हणाली. "हिरवळ आहे सगळी. सपाट. यंत्राने गवत कापतात."

"तिच्यावरून यंत्र फिरवतात?"

"सगळ्यांवरून फिरवतात."

"आणि तू बघत बसतेस?"

"डोक्याशी लहानसा दगड चालतो. ठरलेल्या मापाचा, आणि बसवणार त्यांचाच माणूस. असा नियम आहे."

"मग कुठाय तो दगड? इतकी वर्षं झाली, एवढासा दगड झाला नाही तुझ्याकडून?"

बेव्हर्लीचा आवाज बदलला.

"मी निवडला होता. दुकानात जाऊन नाव सांगून आले होते. आणि मग जाऊन नको म्हणून सांगितलं. कारण हॉस्पिटलात ती मला म्हणाली होती, माझ्यावर कोणाला काही घालू देऊ नकोस, माझा मुलगा गवंडी आहे, तो येऊन करेल. मी वाट बघत बसले, लासेल्स. दर मदर्स डेला फुलं घेऊन जाते, आणि कुठे ठेवायची ते तिथल्या नळापासून पावलं मोजून शोधते. एका वर्षी दुसऱ्याच बाईवर ठेवून आले. आणि तू मला विचारतोस, दगड कुठाय."

ज्या बाईने आपल्याला बोलावलं नाही म्हणून लासेल्स जन्मभर रुसला होता, तिने मरताना त्याची वाट पाहिली होती, आणि त्याच्या कामासाठी जागा मोकळी ठेवून गेली होती. त्याला रडू आलं. बहिणीला ते ऐकू गेलं आणि तीही रडू लागली. फोन तसाच बराच वेळ चालू राहिला.

दुसऱ्या दिवशी तो सिस्टर आयसिल्डांच्या दारात उभा. जास्तीचे दिवस सहलीनंतर नकोत, आधी हवेत.

"आता?" त्या चिडल्या. "सगळ्यांची विमानाची तिकिटं झाली. तुझ्या एकट्यासाठी मी पुन्हा त्या किंग्स्टनवाल्यांच्या पाया पडू?"

"आई तशी पडलेली असताना मला किल्ले बघवणार नाहीत, सिस्टर."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग चष्मा शोधला, फोन उचलला, आणि किंग्स्टनवाल्यांशी असं बोलल्या की त्यांनाच पाया पडावं लागलं. देवदयेने व्हिसाही झाला.

बर्मिंगहॅमच्या विमानतळावर बेव्हर्लीला ओळखायला त्याला वेळ लागला नाही. आजीसारखीच ती एक खांदा खाली टाकून चालत होती. दुपारी दोघं दफनभूमीत गेली. नळापासून तिने त्याला चालवत नेलं आणि थांबली. गवत होतं, बाकी काही नाही. लासेल्स गुडघ्यावर बसला आणि त्याने गवतावर हात ठेवला. दुसऱ्यांच्या मेलेल्यांशी तो आयुष्यभर बोलत आला होता, काम सुरू करण्याआधी त्यांना सांगायचा, मी लासेल्स, तुमचं अंथरूण नीट करायला आलोय. इथे शब्द फुटेना. शेवटी बेव्हर्लीच खाली वाकून म्हणाली, "मम, लासेल्स आलाय."

दगड त्याने बेव्हर्लीच्या मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, सिमेंटचाच ओतला. तिने ऑफिसात जाऊन माप विचारून आणलं होतं, बसवायला त्यांचाच माणूस येणार होता. फळ्यांचा साचा त्याने तीनदा तपासला. एवढं लहान काम त्याने कधी केलं नव्हतं, आणि कधी इतकं मन लावूनही केलं नव्हतं. रंध्याने वरचा भाग सारखा केला, खिळा हातात घेतला.

"लिनेट बेंट," तो म्हणाला, जणू स्वतःशीच.

"इथं ती मिसेस पॉवेल होती," बेव्हर्ली हळू म्हणाली. "चाळीसेक वर्षं. पण थोरला तू आहेस. तू काय ते लिही."

सिमेंट कोणासाठी थांबत नाही. लासेल्स त्या ओल्या राखाडी चौकोनाकडे बघत राहिला. या एका कोरण्यासाठी तो समुद्र ओलांडून आला होता. हक्क त्याचा होता, आणि तिने तो इतकी वर्षं त्याच्यासाठी राखला होता. पण पावलं मोजत फुलं घेऊन जाणारी ही होती. हॉस्पिटलात हात धरून बसणारीही हीच.

त्याने खिळा तिच्या हातात दिला. "तू लिही," तो म्हणाला.

"मला नाही जमणार."

"जमेल. दाबू नकोस, ओढत ने."

ती गुडघ्यावर बसली. अक्षर वाकडं आलं, पण त्याने ते दुरुस्त केलं नाही. तिने कोरलं, लिनेट. आडनाव घातलंच नाही. खाली लहान अक्षरात कोरलं, लासेल्सची आणि बेव्हर्लीची आई. त्याचं नाव आधी.

लासेल्सने ओलं पोतं त्यावर पसरलं आणि तिला बजावलं, दिवसातून दोनदा पाणी मारायचं, सकाळी आणि संध्याकाळी, नाहीतर तडा जाईल. दगड वाळून बसेपर्यंत त्याला थांबता येणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी लंडनला सहल सुरू होत होती आणि परतीचं विमान सहलीबरोबरच ठरलेलं होतं.

मग तो सगळ्यांबरोबर हिंडला. एका किल्ल्यासमोर गाईड कुठल्याशा राणीचं डोकं कसं उडवलं ते रंगवून सांगत होता, मिस ड्यूसी हळहळत होती, आणि लासेल्स बाजूच्या भिंतीला पाठ टेकून फोन कानाला लावून उभा होता.

"पाणी मारलंस का?" तो विचारत होता.

"मारलं," बेव्हर्ली म्हणाली. "मगाशीच मारलं. तू जेवलास का?"