माझ्या पायगुणाने बुडालेला वज्रदुर्ग

‘वज्रदुर्ग’ ही जगभर खेळली जाणारी व्हिडिओ गेमची मालिका माझ्या पायगुणाने बंद पडली, यावर माझ्या सासुरवाडीत, म्हणजे तळवलीत, कुणाचंही दुमत नाही.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. या गेमचे तिन्ही भाग मी वसतिगृहातल्या मित्राच्या संगणकावर पार केले. (त्याचे उपकार मी विसरणार नाही. नापास तो झाला!) माझा मेहुणा जितू बारावीच्या पुढे गेला नाही, आज त्याची स्वतःची इमारत आहे, खाली सिमेंटचं दुकान आहे, आणि भिंतभर टीव्ही आहे. त्या टीव्हीसमोर उभं राहिलं की मला माझी पदवी दिसेनाशी होते! अशात बऱ्याच वर्षांनी चौथा भाग आला आणि जितूने तो पहिल्याच दिवशी मागवला. जुईनगरला आमच्या भाड्याच्या घरात मला जेवण जाईना.

“दादाकडे जाऊन खेळा की,” बायको म्हणाली.

“त्याचा उष्टा गेम मी खेळू?”

“गेम आहे तो, जिलेबी नाही!”

मी गुपचूप सासूबाईंना फोन लावला. “आई, आमच्याकडे नव्या वस्तूचा पहिला मान जावयाचा असतो हो...” मला फक्त जितूच्या आधी खेळायचं होतं. पण मानपानाचा विषय सासूबाई अर्धवट सोडत नाहीत.

रविवारी पोचलो तर दारात चपलांचा ढीग! टीव्हीला झेंडूचा हार. मला पाटावर बसवून, टोपी घालून ओवाळलं. जितूने दातओठ खात कंट्रोलर माझ्या हाती दिला.

“घ्या भावजी. पयला मान तुमचा. नारल पन तुमीच फोडा.”

नारळ फुटला, गेम सुरू झाला. तीन भाग राक्षसांच्या फौजा कापणारा आमचा सरदार या भागात निवृत्त झाला होता! पहिलं काम आलं, गाजरं उपटा. मी उपटली. दुसरं काम, गाजरं धुवा.

“राक्षस कवा येतील?” बायकोच्या मोठ्या आत्यांनी विचारलं.

“येतील हो. आधी गाजरं विकायची आहेत.”

“आमी शेती सोडून बिल्डिंगी बांधल्या, नि ह्यो तलवार सोडून गाजरं उपटतोय?”

शेवटी एक राक्षस आला, तोही कुंपणात अडकून जागच्या जागी गोल फिरत राहिला. सगळे पेढे खाऊन पांगले. जितूच्या डोळ्यांत पाणी होतं.

“भावजी, काय दाबलात तुमी?”

“काहीच नाही रे!”

पुढे कंपनीने जाहीर केलं, मालिका संपली, पाचवा भाग येणार नाही. लगेच जितूचा फोन.

“तीन भाग मस्त चालले. चौथ्याला तुमचा हात लागला!”

“अरे, जगभर लोकांनी नाकं मुरडली त्याला!”

“पन नारल कोनी फोडला?”

तेव्हापासून जितूची नवी गाडी मी फोटोत पाहिली आणि नवा फ्रिज जुना झाल्यावर.

परवा मात्र तो स्वतः दारात हजर. हातात शाल!

“चला भावजी, उद्घाटन हाय. तुमच्याच हातून करायचं. मी बोलून ठेवलंय.”

“तू नवीन दुकान काढलंस?”

“मी नाय. माझ्या समोरच्यानं. त्यानं पन सिमेंटचंच काढलंय.”

मला सगळं कळलं. तरी इस्त्रीचा शर्ट घातला आणि निघालो. एवढा मान मला अजून कुणी दिलेला नाही!