दुसऱ्याच्या घरातला आमचा टीव्ही

आमचा जुना टीव्ही दुकानात देऊन आठवडा झाला असेल. सकाळी एका अनोळखी बाईंचा फोन आला. “ताई, दुकानातून तुमचा नंबर मिळाला. तुमचा टीव्ही आम्ही घेतलाय. त्यावर एका मुलीचे फोटो येतायत, शाळेच्या गणवेशातले. मागे दारावरची पाटीसुद्धा वाचता येतेय.”

ती माझी मुलगी होती. टीव्ही देताना मी काच लख्ख पुसली होती, आतलं आमचं फोटोंचं खातं मात्र तसंच चालू राहिलं होतं. घाईघाईने मोबाइलवर, खातं कुठेकुठे चालू आहे त्याची यादी उघडून मी त्यातून तो टीव्ही काढून टाकला.

“गेले फोटो,” बाई म्हणाल्या.

आपलं घर कुठेकुठे उघडं राहतं, आपल्याला कळतही नाही. यादीत खाली आणखी एक टीव्ही होता, दिवाळीच्या सुटीत उतरलो होतो त्या हॉटेलच्या खोलीतला. तिथून मला कुणीही फोन केला नव्हता.