पिवळ्या खोलीतलं जेवण

समस्त वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, महाड व पोलादपूर या दोन्ही तालुक्यांत प्रकाशाविरुद्ध घडलेल्या एकमेव गुन्ह्यातला आरोपी आज स्वतःच्या पायांनी हजर होत आहे. टाळ्या नकोत.

मी महाडच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचा मदतनीस. आमच्या भौतिकशास्त्राच्या मॅडमनी एका लहानशा खोलीत, कॉम्प्युटरच्या चिपवर नक्षी कशी उठवतात, याचा संसार मांडला होता. काचेच्या पट्टीवर तांबूस लेप द्यायचा, त्यावर उजेड टाकायचा. उजेड लागला तेवढा लेप नंतर औषधात धुऊन जातो.

"पण मामा, या लेपाला रंग कळतो," त्या मला समजावत. "जांभळ्या उजेडाची लाट आखूड, तो थोडक्या मात्रेत काम करतो. निळ्याची मात्रा जास्त लागते. हिरवा, पिवळा तासभर पाजा, ढिम्म!"

म्हणून तिथल्या ट्यूबलाइटवर पिवळा जिलेटिन पेपर गुंडाळलेला. त्या खोलीत सगळे कावीळ झाल्यासारखे दिसायचो.

कुठल्या रंगाला किती मात्रा, हे मॅडमनी आधी गणिताने काढलं होतं. तसंच पट्ट्यांवर उतरलं तर खोली त्यांच्याकडे राहणार, नाहीतर तिथे क्रिकेटच्या बॅटी आणि कॅरम बोर्ड जाणार, असं प्राचार्यांनी सांगून टाकलेलं.

आता माझं पाप. कॉलेजातला एकुलता एक चालू एसी त्या खोलीत होता. मे महिना. बायकोने पोलादपूरहून डब्यात पाला नावाचा मासा दिलेला, म्हणजे मांस कमी आणि काटे जास्त. मी डबा घेऊन गुपचूप तिथे बसलो. पिवळ्या उजेडात पिवळ्या कालवणातला काटा दिसेना. एक घशात रुतला. मग मी वीरासारखा स्टुलावर चढलो, जिलेटिन सोललं आणि पांढऱ्याशुभ्र उजेडात यथेच्छ जेवलो. शेजारी लेप दिलेल्या पट्ट्या उघड्याच वाळत होत्या. जाताना जिलेटिन पुन्हा नीट गुंडाळलं.

दुपारी मॅडमनी एकेका पट्टीवर एकेका रंगाचा उजेड टाकला आणि पट्ट्या औषधात बुडवल्या. जांभळ्याची कोरी, निळ्याची कोरी, हिरव्याचीही कोरी, लेप सगळा धुऊन गेलेला. पांढऱ्या उजेडात निळा लपलेला असतो, हे मला नेमकं तेव्हा आठवलं. आणि मी काय बोललो? "पाणी आणू का, मॅडम?"

"नको. माझंच कुठेतरी चुकलंय. तुमचा घसा का बसलाय हो?" असं म्हणून त्यांनी पर्समधून खडीसाखर काढून माझ्या हातावर ठेवली. ती खडीसाखर काट्यापेक्षा जास्त रुतली.

लेपाची बाटली संपलेली. त्यामुळे चार दिवस त्या नुसती वही उलटसुलट तपासत होत्या. पाचव्या दिवशी त्यांनी मला पाकीट दिलं. "सरांना नेऊन द्या, मामा. लिहिलंय, हे काम मला झेपणारं नाही."

प्राचार्यांनी पाकिटाला हात लावला आणि मला वाचा फुटली. "सर, मॅडमची चूक नाय! मी तिथं जेवलो!"

"जेवलात? मग?"

मी काट्यासकट सगळं सांगितलं. त्यांनी मॅडमना बोलावून घेतलं आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मान खाली घालून मी कडकडाटाची वाट पाहत उभा राहिलो. मॅडम भर केबिनमध्ये टेबलावर थाप मारून ओरडल्या, "अहो, म्हणजे माझं गणित बरोबर होतं!"