यमुनाक्काची मागची ओळ

आमच्या गायन पार्टीचं सगळं सामान एका टेम्पोत मावतं, किस्से काही मावत नाहीत. कार्यक्रमाहून परतताना कोणीतरी एक सुरू करतो आणि मुरबाड येईस्तोवर खिदळणं थांबत नाही. मी ढोलकीवाला. म्हणजे गाण्यात सगळ्यात मागं, गप्पांत सगळ्यात पुढं!

पुढं गायचे प्रल्हाददादा, मागून कोरस द्यायची यमुनाक्का. रीत अशी, की पुढच्यानं ओळ टाकायची आणि मागच्यानं ती उचलायची. लग्न होऊन आमच्या वाडीत आली, तेव्हापासून आक्का दादांची ओळ उचलत होती.

एकदा धसईला जयंतीच्या कार्यक्रमात दादांना ठसका लागला. ते स्टेजमागं पाणी प्यायला गेले. आक्का तीच ओळ घोळवत राहिली, कधी खाली, कधी वर, बाळाला झोपवताना म्हणावी तशी. समोरच्या बायका डोळे मिटून डुलायला लागल्या. दादा परत आले ते पायरीवरच बसले. मी खुणावलं, तर म्हणतात, "थांब रे! मला पन जरा ऐकू दे!"

शहापूरला रेकॉर्डिंग होतं. स्टुडिओतल्या पोरानं आक्काला काचेच्या खोलीत एकटीला बसवलं, कानांवर हेडफोन. "मॅडम, तुमचा ट्रॅक वेगळा घेऊ." आक्का काचेतून दादांना शोधायला लागली!

"गा ना मॅडम!"

"म्होरं कोनी नाय, तर मी कोनाच्या मागून म्हनू रे?"

शेवटी दादांना तिच्याकडं पाठ करून स्टुलावर बसवलं. ते नुसते बसून राहिले. एका टेकमध्ये ओके!

सिद्धगडाच्या पायथ्याला एका हळदीत ऐन गाण्यात वीज गेली. माइक बंद. दादांचा आवाज मांडवाबाहेर जाईना, आक्काचा मात्र डोंगरावर जाऊन परत यायला लागला. सांजेच्या त्या उजेडात डोंगरच गातोय असं वाटत होतं. दादा वैतागले, "यमुने, तुझ्या मागं पन कोरस हाय की गो!"

मग आक्काच्या गळ्याला गाठ आली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावंच लागेल, आवाजाचं सांगता येत नाही. आक्का जिवाला भ्याली नाही. "दादांची ओळ कोन उचलंल?" एवढंच घोकत होती. वाडीतल्या सुनांना ओटीवर बसवून शिकवायला लागली. एक सून फारच जोरात गायली, तर म्हणाली, "म्होरच्याला झाकायचं नाय गो, त्याला टेकू द्यायचा!"

ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. मी ढसाढसा रडलो, सांगायला लाज कसली!

पुढच्या जयंतीला आटगावला कार्यक्रम होता. आक्का नुसती ऐकायला आलेली. दादा खाली उतरले, तिचा हात धरून तिला वर आणलं आणि माइकपुढं उभं केलं. स्वतः मागं सुनांच्या रांगेत गेले. "आज तू म्होरं, यमुने."

आक्का आधी नको नको म्हणून मान हलवत राहिली. मग तिनं डोळे मिटले आणि ओठ हलवले. आवाज नाही. माझी ढोलकी तेवढी चालू. अख्खा मांडव तिच्या ओठांकडं बघत होता, आणि ओळ कुठली ते लहान पोरांनाही कळलं. ओळ संपली. दादांनी ती मागून उचलली, सुनांनी उचलली, सगळ्या मांडवानं उचलली.

गाणं संपलं, तसा मागून एक म्हातारा दोन्ही हात वर करून उठला.

"कोरस ऱ्हाऊ द्या रे! एकटी आक्का! वन्स मोअर!"