कापणाऱ्याचा तुकडा

एमॉस थॅकरेच्या बेकरीतला पाव यॉर्कशायरच्या त्या गिरणीगावात घरोघर जायचा, पण कुणी कापून मागितला की सुरी घ्यायची ती त्याची बायको हिल्डा.

"काय रे, सुरी चावते का तुला?" गिऱ्हाइकं चिडवायची. तो खाली मान घालून पीठ मळत राहायचा. लढाईवरून येऊन सहा महिने झाले होते.

बॉम्बफेकी विमानात तो शेपटीकडच्या तोफेवर बसायचा. पाठीवरच्या तोफेवर क्लेम हार्डकॅसल, त्याच्याच गल्लीतला. जर्मनीवर विमान पेटलं तेव्हा हे दोघंच पॅराशूटनं उतरले, बाकीचे पाच वरच जळले. मग सव्वा वर्ष जर्मनांच्या कैदेत, तारांच्या कुंपणाआड.

छावणीत सात जणांत एक काळा पाव. कापायचा एमॉसनं, बेकरीवाला म्हणून. नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता: कापणाऱ्यानं शेवटी उचलायचं.

"ए बेकरीवाल्या, श्वास रोख," क्लेम ओरडायचा, "माझा चुरा उडतोय!"

"उडू दे की. तुझं तोंड उघडंच असतं, तिथंच पडेल."

शेवटच्या हिवाळ्यात रशियन तोफा ऐकू यायला लागल्या, तसं पहारेकऱ्यांनी कैद्यांना बर्फातून पायी हाकललं. वाटेत बाकीचे पांगले. एका गोठ्यात क्लेम तापानं फणफणून पडला होता. एमॉसनं दोघांचा पाव कापला. एक काप जाड झाला, एक पातळ. क्लेमचे डोळे मिटलेले. 'खाणार कुठं हा आता,' असं म्हणत एमॉसनं जाड तुकडा उचलला आणि दात रोवले. बघतो तर क्लेम टक्क जागा.

"हात थरथरला वाटतं, बेकरीवाल्या," एवढंच म्हणाला, आणि पातळ तुकडा ओढून घेतला. दोन दिवसांनी तो गेला.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, दुकान बंद करायच्या वेळेला क्लेमची आई आत आली. मिसेस हार्डकॅसल. एमॉस मागच्या दाराकडं वळला.

"थांब, पोरा. किती दिवस मागच्या दारानं पळशील? मी काही खात नाही तुला." तिनं दुकानाच्या टोपलीतला एक पाव उचलून फळीवर ठेवला. "एकच सांग. माझा क्लेम उपाशी गेला का?"

हिल्डा त्याच्याकडं बघत होती. 'नाही' म्हण, असे तिचे डोळे सांगत होते. एक शब्द पुरला असता.

त्यानं सगळं सांगितलं. जाड काप, पातळ काप, क्लेमचे उघडे डोळे.



"सुरी घे," मिसेस हार्डकॅसल म्हणाली. "काप. दोन."

त्यानं कापले आणि हात मागं घेतले. तिनं दोन्ही तुकडे बोटांनी दाबून पाहिले, जाड होता तो उचलला आणि लोणी न लावता, शेवटच्या चुऱ्यापर्यंत त्याच्यासमोर खाल्ला. "आता तू."

पुढं अकरा वर्षं दर शनिवारी हेच. रागाचा शब्द नाही, मायेचाही नाही. ती निवडायची, मग तो खायचा.

ती अंथरुणाला खिळली तेव्हा तो पाव घेऊन तिच्या घरी गेला. उशाशी बसून दोन काप केले, बशी पुढं धरली.

तिनं ती हळूच त्याच्याकडं सरकवली. "आज आधी तू घे, पोरा."

एमॉसचा हात काही उठेना. ती डोळे मिटून वाट बघत राहिली. दिवेलागणीपर्यंत दोन्ही काप बशीतच वाळले.