नावाहो आजोबांचा आवाज

आधीच सांगते... मी सिंगापूरमध्ये अकाउंटंट आहे, आणि भुतंखेतं, शकुन-अपशकुन असलं काही कानावर आलं की मला जांभई येते. पण २००३ च्या डिसेंबरात पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटमध्ये जे झालं, ते अजून माझ्या डोक्यात बसत नाही.

माझ्या ताईचे यजमान, अविनाश भाऊजी, अमेरिकेत मानववंशशास्त्राचे प्रोफेसर. ॲरिझोनात नावाहो या मूळ अमेरिकन जमातीच्या लोकांनी सोडून दिलेल्या जुन्या घरांचं त्यांनी उत्खनन केलं होतं. ते आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं होतं की त्या घरांची वाट मीसुद्धा दाखवली असती. वर्षभरासाठी ते ताईला घेऊन इथे, आमच्याकडे, पुस्तक लिहायला आले होते. लिहीत काही नव्हते, बोलत मात्र अखंड होते. पुस्तकाची सगळी मदार होती एका नावाहो आजोबांच्या टेपांवर. त्या जागेच्या, पूर्वजांच्या गोष्टी आजोबांनी त्यांना कैक हिवाळे समोर बसवून सांगितल्या होत्या. भाऊजींनी टेपांची कॉपी कुणाला करू दिली नव्हती. न जाणो, कुणी विद्वत्ता चोरली तर!

आजोबांची अट एकच होती. या गोष्टी हिवाळ्यातल्या... साप, अस्वलं झोपलेली असताना, वसंतातली पहिली वीज कडाडेपर्यंतच ऐकायच्या. एरवी टेपसुद्धा लावायची नाही. भाऊजींनी तसा शब्द दिला होता.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर भाऊजींनी टेपरेकॉर्डर काढला. ताई म्हणाली, अहो, राहू द्या. तर म्हणे, डिसेंबर म्हणजे हिवाळाच की! घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, आणि म्हणे हिवाळा. इथे डिसेंबरात दुपारच्या विजा कडाडतात, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. अर्थात, ती अटही मला खुळचटच वाटत होती.

टेप सुरू झाली. आजोबांचा खोल, संथ आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. तेवढ्यात बाहेर वीज कडाडली आणि तो आवाज थांबला. टेप फिरत होती. भाऊजींचे प्रश्न येत होते, मधूनमधून त्यांचं ते 'हं, हं' येत होतं — उत्तरं नव्हती. रिवाइंड केली, तर आत्ता ऐकलेलंही गायब. मग खोक्यातल्या बाकीच्या टेपा लावल्या. सगळ्यांत नुसते भाऊजी बोलत होते.

माझा नवरा मिलिंद इंजिनिअर. तो म्हणाला, दोन्ही आवाज एकाच माइकवर एकत्र रेकॉर्ड झालेत, त्यातला एकच असा पुसला जाणं शक्य नाही. पुढे जाणकारांना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं. आजतागायत मला याचं उत्तर मिळालेलं नाही.

भाऊजींनी टेपरेकॉर्डर बंद केला. पुस्तक संपलं, म्हणाले. मी म्हटलं, आठवतंय तेवढं आत्ताच लिहून काढा. ते कागद घेऊन बसले... बराच वेळ. एकही गोष्ट आठवेना.

"इतके हिवाळे आजोबांसमोर बसलात," ताई म्हणाली, "मग तुम्ही ऐकत काय होता?"

"टेप चालू होती ना," भाऊजी म्हणाले.