दुसरी नर्स

शास्त्राच्या पेपरात फालेसीला डोरिकापेक्षा दोन गुण जास्त होते. चिसोंब्यात ही गोष्ट कुणाच्याच लक्षात राहिली नव्हती, बहुधा डोरिकाच्याही नाही. फालेसीला मात्र ती रोज आठवायची.

मलावी सरोवराच्या काठावरच्या त्या गावात दोघी एकाच बाकावर बसून शिकल्या. शाळेच्या शेवटच्या वर्षी सरकारने जाहीर केलं, की नर्सिंगला जाणाऱ्या मुलींची फी, राहणं, जेवण, सगळं सरकार भरणार. दवाखाने बांधून तयार होते आणि आत नर्स नव्हत्या. बदल्यात पाच वर्षं सरकार पाठवील तिथे काम करायचं. दोघींनी अर्ज टाकले. मुलाखतीला गेली तेव्हा फालेसीला आठवा महिना लागला होता. टेबलामागच्या मेट्रनबाईंनी तिचे कागद पाहिले, मग पोट पाहिलं.

"गुण चांगले आहेत, पोरी. आधी मोकळी हो. पुढच्या वर्षी ये. जागा काही पळून जात नाही."

जागा पळाली. पुढच्या वर्षी निधी आटला. डोरिकासारख्या आत गेलेल्या मुली शिकत राहिल्या, नवी भरती बंद झाली. फालेसी लेकीला पाठीला बांधून गावच्याच दवाखान्यात सफाईला लागली. फरशी पुसायची, चादरी उकळायच्या, बाळंतिणीला गरम पाणी द्यायचं. पण तिथला म्हातारा कंपाउंडर एकटाच. अडल्या वेळी तो तिलाच हाक मारायचा, शिकवायचा आणि मग बाजूला उभा राहायचा. चार वर्षांत तिने किती बाळं झेलली, याचा तिलाच पत्ता नव्हता. बायका दारातून आत यायच्या त्या तिचं नाव घेत.

मग कंपाउंडर निवृत्त झाला आणि एका सोमवारी डोरिका आली. पांढरा गणवेश, कमरेला निळा पट्टा, छातीवर उलटं टांगलेलं घड्याळ.

"फालेसी? अगं, तू इथे?"

"हो सिस्टर. जरा थांबा, फरशी ओली आहे."

"सिस्टर काय म्हणतेस? डोरी म्हण की."

"छे, असं कसं. तुम्ही शिकलेल्या."

त्या 'तुम्ही'ने डोरिकाचा चेहरा उतरला. फालेसीला तो दिवस बरा गेला. पुढचे मात्र वाईट गेले. डोरिकाला पत्र्याचं सरकारी घर मिळालं, छपरावर सौर दिवा. बायका तिच्या दाराशी सुकवलेले मासे, केळ्यांचे घड ठेवून जायच्या. डोरिका कधी जास्तीचे मासे फालेसीला देऊ करी. ती ते घेई आणि शेजारणीला देऊन टाकी. तो पट्टा तर तिच्या डोळ्यांत सलायचा. एकदा धुण्यात आला तेव्हा तिने तो आपल्या कमरेला लावून पाहिला. बरोबर बसला. ते जास्तच लागलं.

आणि तिला एक गोष्ट दिसली होती. टाके घालताना डोरिकाचा हात थरथरायचा.

फालेसीने हे गाजावाजा करून सांगितलं नाही. पाणवठ्यावर, भांडी घासता घासता, एखादीला हलकेच म्हणायची, "चांगली आहे गं सिस्टर. हात तेवढा कापतो बिचारीचा." एवढंच. बायकांना तेवढं पुरलं. महिन्याभरात बाळंतपणाला येणाऱ्या बायका निम्म्या झाल्या. डोरिका वही उघडून बसायची आणि विचारायची, "कुठे जातात गं सगळ्या?" फालेसी म्हणायची, "शेतीचे दिवस आहेत, सिस्टर."

मक्याच्या काढणीत, भर दुपारी, सायकलला जोडलेल्या गाडीवरून गावातल्याच एनिफाला आणलं. तीन मुलांनंतरचं चौथं बाळंतपण, घरीच झालेलं. बाळ ठणठणीत होतं, पण एनिफाचं रक्त थांबत नव्हतं. गाडीखालच्या रस्त्यावरही थेंब पडले होते.

"घरी का ठेवलंत?" डोरिकाने हातमोजे चढवत विचारलं.

एनिफाच्या सासूने फालेसीकडे बोट केलं. "हिनेच सांगितलं ना, तुझा हात कापतो म्हणून. कापणाऱ्या हातात सून कशी देऊ?"

फालेसीच्या हातातली सलाइनची बाटली हातातच राहिली. डोरिकाने तिच्याकडे पाहिलं नाही. "सुई लाव," एवढंच म्हणाली. एक मूठ आत, दुसरा हात पोटावर, अशी गर्भपिशवी दाबून धरून ती उभी राहिली. इंजेक्शन दिलं, तरी रक्त लगेच आवरेना. अर्धा तास, पाऊण तास. तिचे हात खांद्यापर्यंत थरथरत होते, पण निसटले नाहीत. फालेसी बाटल्या बदलत राहिली. अखेर रक्त थांबलं. एनिफाने पाणी मागितलं.

बाहेर नळाखाली दोघी हात धूत होत्या.

"कापतो," डोरिका म्हणाली. "खरंच कापतो. एका वर्षात सलग दोन रात्री झोपले नाही मी. हे मला सांगायचंस. गावाला कशाला सांगितलंस?"

फालेसीला माफी मागायची होती. तोंडून निघालं ते वेगळंच. "माझे गुण तुझ्यापेक्षा जास्त होते."

"माहीत आहे," डोरिका म्हणाली. "यादी मीही पाहिली होती."

त्यानंतर दोघी कामापुरतं बोलत. फालेसी पाणवठ्यावर गप्प झाली. एनिफाच्या सासूनेच चार घरी खरं काय झालं ते सांगितलं, बायका परत येऊ लागल्या. पुढच्या वर्षी निधी पुन्हा आला, आणि या वेळी दवाखान्यात आधीच काम करणाऱ्यांसाठी जागा होत्या. वयाची अट नाही, मात्र प्रमुख नर्सची शिफारस हवी. फॉर्म डोरिकाच्या टेबलावर तीन आठवडे पडून होता. फालेसी रोज त्याच्याभोवतीची धूळ पुसायची आणि विचारायची नाही. विचारायला तोंड कुठलं?

शेवटी डोरिकानेच तो पुढे सरकवला. सही केलेला.

"मोठ्या मनाने केली असं समजू नकोस. तीन आठवडे मनच होत नव्हतं. पण मला इथे दुसरी नर्स हवी. शीक आणि परत ये."

फालेसी लेकीला आईकडे ठेवून गेली. वसतिगृहात अठरा वर्षांच्या मुलींत एक पंचविशी गाठलेली बाई. त्या एकदा वाचून पाठ करायच्या, तिला चारदा वाचावं लागे. त्यांच्यावरही ती जळायची आणि जळत जळतच पास झाली.

नेमणुकीचं पत्र आलं ते चिसोंब्याचं नव्हतं. सरोवराच्या वरच्या टोकाला एक दवाखाना होता, तिथे एकही नर्स नव्हती. डोरिकाचं पत्र आलं, "मी सही कशासाठी केली होती?" डोरिका अडली हे वाचून फालेसीला क्षणभर गोड वाटलं. मग दोन दिवस मक्याच्या पिठाच्या न्सिमाचा घास गोड लागला नाही. तिने जिल्हा कचेरीला अर्ज लिहिला, की पुढची नर्स चिसोंब्याला द्यावी. उत्तर नाही. पुन्हा लिहिला. तिसऱ्या अर्जाला उत्तर आलं: नव्या तुकडीतल्या दोन मुली चिसोंब्याला पाठवत आहोत.

तिने ते दोनदा वाचलं. दोन. डोरिकाला दोन, आणि इथे ती एकटी, बाहेर ओट्यावर सहा बायका टेकलेल्या. छातीत तीच जुनी ओळखीची कळ उठली.

तिने सहाही बायका तपासल्या. मग कोरा कागद घेऊन, इथेही दुसरी नर्स द्यावी असा, स्वतःसाठी पहिला अर्ज लिहायला बसली.